वरोऱ्यापाशी संपणारे रूळ

दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या बहुतेक वेगवान गाड्या वरोऱ्याला थांबत नाहीत. हिंगणघाट, नागरी, चिकणी रोड, वरोरा, माजरी, भांदक अशी स्टेशने एकामागून एक मागे पडतात आणि खिडकीशी बसलेल्या परप्रांतीय प्रवाशाला त्यातले एकही नाव आठवत नाही. आमच्या गावाला लोक आज आनंदवनामुळे ओळखतात, आणि ते योग्यच आहे. पण या गावाची आणखी एक ओळख होती, जी गावातल्याच पोरांना ठाऊक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात हिंदुस्थानच्या रेल्वे नकाशावर वर्ध्याहून दक्षिणेकडे एक छोटी रेघ निघायची आणि वरोऱ्यापाशी थांबायची. पुढे रूळ नव्हते. चांद्याला जायचे तर बंडी करा, नाहीतर पायी चाला.

त्या रेघेचे सरकारी नाव होते ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. नाव नीट वाचा. यात प्रवाशाचा उल्लेख नाही, वरोऱ्याचा नाही, हिंगणघाटाचाही नाही. कोळसा आहे आणि सरकार आहे. कोणती गोष्ट कशासाठी बांधली हे तिच्या नावावरून इतके स्पष्ट क्वचितच कळते.

इतिहासाच्या तासाला ‘इंग्रजांनी भारतात रेल्वे आणली’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आणि शिकवले आहे की त्याचा अर्थच झिजून गेला. कोणी आणली, कोणाच्या पैशाने, कशासाठी, आणि ती चालवताना हात कोणाचे भाजले, हे प्रश्न त्या वाक्यात येत नाहीत. ते देशाच्या पातळीवर विचारले की उत्तरे फार मोठी होतात आणि वर्गात हरवतात. ४५ मैलांच्या एका फाट्यावर विचारले तर बरेच काही हाताला लागते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. ती वऱ्हाड आणि वर्ध्याच्या खोऱ्यातून आली यामागचे कारण कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांना दक्षिणेकडचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. हिंगणघाटचा कापूस तर त्याच नावाने लिव्हरपूलच्या बाजारात विकला जाई. पण कापूस वाहून न्यायला इंजिन लागते, इंजिनाला कोळसा लागतो, आणि पश्चिम हिंदुस्थानात कोळसा नव्हता. तो जहाजातून इंग्लंडहून मुंबईला यायचा आणि घाट चढून आत यायचा. बंगालचा कोळसा होता, पण तो देशाच्या दुसऱ्या टोकाला. उरलेली भूक जंगल तोडून भागवायची. चांद्याचा साग आणि आजूबाजूचे लाकूड रुळांखालच्या स्लीपरसाठीही हवे होते आणि भट्टीसाठीही. वनखाते आणि वनकायदे याच दोन दशकांत आले हा योगायोग नाही.

अशा वेळी वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा सापडला. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या थिओडोर ह्यूज यांनी या खोऱ्याचा अभ्यास केला आणि त्यांचा ग्रंथ १८७७ मध्ये निघाला. त्याआधीच, १८७१ पासून, वरोऱ्याला सरकारी खाणीचे काम सुरू झाले होते. वर्ध्याहून निघालेले रूळ आधी हिंगणघाटपर्यंत आले आणि १८७७ पर्यंत वरोऱ्याला पोहोचले. रुंदी जीआयपीचीच, साडेपाच फूट. त्यामुळे वरोऱ्याला भरलेली वाघीण माल न उतरवता थेट मुंबईपर्यंत जाऊ शकत होती.

पैशाचे गणितही पाहण्यासारखे आहे. जीआयपीसारख्या कंपन्यांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. नफा झाला तर कंपनीचा, तोटा झाला तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून. हा सौदा फारच महाग पडतो आहे असे लक्षात आल्यावर १८६९ नंतर सरकारने स्वतःच लोहमार्ग बांधायचे ठरवले. वर्धा कोल ही त्या पहिल्या सरकारी मार्गांपैकी. म्हणजे इथे लंडनच्या भागधारकाने पैसा घातला नव्हता. सारा भरणाऱ्या शेतकऱ्याच्या पैशाने हे रूळ पडले, आणि रूळ मात्र विलायतेहून आले.

आता थोडे शब्दांविषयी. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्द दिसला की थांबायची खोड आहे. मालगाडीच्या डब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. इंग्रजी ‘वॅगन’ आमच्या लोकांच्या तोंडी आला आणि त्याची वाघीण झाली. पुण्या-मुंबईत हा शब्द नुसता गमतीचा वाटत असेल. ताडोबा ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या सहावीच्या वर्गात मी ‘वरोऱ्याहून वर्ध्याला रोज वाघिणी जायच्या’ असे म्हटले तेव्हा मागच्या बाकावरून विचारणा झाली, ‘सर, पिंजऱ्यात घालून का?’ खलासी हा शब्द अरबी ‘खलास’वरून आला, म्हणजे सुटका, मोकळे करणे. आधी तो जहाजावरच्या माणसाला लागला, मग रेल्वेतल्या सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या माणसाला. मुकादम म्हणजे अरबीत पुढे केलेला, अग्रभागी असलेला. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगच्या पुढे खरोखर तोच असतो. रूळ बदलणाऱ्याला जुन्या मराठीत ‘सांधेवाला’ म्हणत, किती नेमका शब्द! तो गेला आणि पॉइंट्समन आला. ड्रायव्हर, गार्ड, स्टेशन मास्तर हे मात्र पहिल्यापासून इंग्रजीच राहिले. कोणती कामे कोणाकडे होती हे शब्दांच्या भाषेवरूनही सांगता येते.

कारण कामांची उतरंड कडक होती. जीआयपीवर प्रवासी गाडीचे ड्रायव्हर आणि गार्ड प्रामुख्याने युरोपियन आणि अँग्लो-इंडियन, काही पारशी. हिंदी माणूस भट्टीपाशी आगवाला, शेडमध्ये फिटरच्या हाताखाली, रुळांवर गँगमन, स्टेशनात पोर्टर. पुढे हळूहळू त्याला शंटिंगचे इंजिन मिळाले, मग मालगाडी, आणि फार नंतर मेल. पगारातला फरक तर इतका, की तो कधीच नुसत्या हुद्द्याचा फरक नव्हता. १९३० मध्ये जीआयपीच्या कामगारांनी मोठा संप केला, त्यामागे अशी अनेक वर्षांची साठवण होती.

अशा एकेरी फाट्यावर गाडी चालवणे म्हणजे काय, हे आज डोळ्यांसमोर आणणे अवघड आहे. एकच रूळजोडी. समोरून दुसरी गाडी आली तर वाट द्यायला जागा फक्त स्टेशनातच. म्हणून प्रत्येक दोन स्टेशनांमधला तुकडा एका वेळी एकाच गाडीच्या ताब्यात राहील याची हमी पाहिजे. सुरुवातीच्या काळात ती हमी कागदावर असायची. स्टेशन मास्तर तारेवरून पुढच्या स्टेशनाला विचारायचा, तिकडून होकार आला की ‘लाइन क्लियर’ची चिठ्ठी लिहून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. चिठ्ठी नाही तर सिग्नल कसाही असो, गाडी हलायची नाही. पुढे त्या जागी लोखंडी गोळा आला. दोन्ही स्टेशनांतली यंत्रे तारेने एकमेकांना बांधलेली. एका यंत्रातून गोळा काढला की तो कुठल्यातरी यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघतच नाही. गोळ्यावर दोन्ही स्टेशनांची नावे. तो चामडी पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कडीला अडकवायचा. न थांबणाऱ्या गाडीला पोर्टर फलाटाच्या टोकाशी कडी उंच धरून उभा, आणि इंजिनातला आगवाला बाहेर झुकून हात घालून ती उचलणार. त्याच वेळी मागच्या तुकड्याचा गोळा खाली फेकणार. रात्री हे मशालीच्या उजेडात. कडी हुकली तर गाडी थांबवून मागे पळत जायचे. हाताच्या कोपरावर त्या वेताचे वळ घेऊन फिरणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत.

वरोरा शेवटचे स्टेशन असल्याने तिथे आणखी एक काम वाढायचे. गाडी आली की इंजिन सुटायचे, बाजूच्या रुळावरून मागे जायचे आणि दुसऱ्या टोकाला जोडले जायचे. त्याआधी पाणी भरायचे, राख पाडायची, आग सारखी करायची. वाफेचे इंजिन आल्या पावली परत फिरत नाही.

घड्याळाचीही एक गंमत आहे. १९०६ पूर्वी हिंदुस्थानात एकच प्रमाणवेळ नव्हती. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची. वरोऱ्याचा सूर्य मद्रासच्या सूर्याहून साधारण पाच मिनिटे मागे. म्हणजे स्टेशनातली दुपार गावातल्या दुपारीपेक्षा पाच मिनिटे आधी व्हायची. हे पाच मिनिटे कोणाला जाणवले असतील? शेतकऱ्याला नाही. पण मशिदीत जोहरची अजान सूर्य माथ्यावरून ढळल्यावर होते, घड्याळावर नाही. एकाच गावात एक वेळ आकाशातून ठरत होती आणि एक मद्रासहून तारेने येत होती. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली आणि हा फरक पाचाचा चौदा मिनिटांवर गेला. आता तो सगळ्यांच्या मनगटावर आहे, म्हणून कोणाला दिसत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती म्हणजे हा कोळसा कसा होता.

कोळसा म्हटला की आपल्याला सगळा सारखाच वाटतो. तो तसा नसतो. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात पाणी फार आणि राखही बरीच. भट्टीत टाकल्यावर त्याची बरीचशी उष्णता आधी स्वतःचेच पाणी उकळण्यात जाते. मग उरलेली बॉयलरला. राख वितळून जाळीवर चिकटते, तिचा थर बसतो, खालून हवा येईनाशी होते, आग काळवंडते आणि वाफेचा काटा उतरू लागतो. आगवाल्याला लांब लोखंडी सळई घालून तो थर फोडावा लागतो, आणि हे चालत्या इंजिनात, भट्टीचे दार उघडे ठेवून. शिवाय हा कोळसा उन्हात पडला की फुटतो आणि त्याचा चुरा होतो. चुरा भट्टीत टाकला तर अर्धा न जळताच धुराड्यातून उडून जातो. आणि ढीग करून ठेवला तर आतल्या आत तापतो. या जातीचा कोळसा स्वतःहून पेट घेतो. काडी लावावी लागत नाही. ढिगात लोखंडी गज खुपसून ठेवायचा आणि थोड्या वेळाने उपसून हात लावून पाहायचा, ही त्यावर जुनी युक्ती. जमिनीखालच्या बोगद्यात हेच घडले तर गज खुपसायला कोण जाणार?

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, नागपूरला इंजिनावर आगवाले होते. त्यांची नोकरी स्वातंत्र्यानंतरची, म्हणजे वरोऱ्याची जुनी खाण बंद होऊन चार दशके उलटल्यावरची. पण या पट्ट्यातल्या दुसऱ्या खाणींचा कोळसा त्यांच्या वाट्याला यायचाच. नागपूर ते बल्लारशाह मालगाडी. कोळशाची प्रत ते धुराच्या रंगावरून सांगायचे. चांगला असला तर ‘झरियावाला’ म्हणायचे, आणि आमच्याकडचा असला तर, ‘ये कोयला नहीं बेटा, गीली लकड़ी है.’ तेव्हा चित्तरंजनची डब्ल्यूजी जातीची इंजिने आली होती. बॉयलरमध्ये दर चौरस इंचाला २१० पौंड दाब, भट्टीची जाळी ४५ चौरस फूट. एवढ्या जाळीवर आग सारखी पसरलेली ठेवायची. बेलचा नुसता रिकामा करायचा नाही. मनगट फिरवून कोळसा कोपऱ्यात, कडेला, पुढे असा पेरायचा. शेतात बी पेरतात तसा, असे ते म्हणत. मधोमध ढीग झाला की संपले. एक डोळा वाफेच्या काट्यावर, दुसरा काचेच्या नळीतल्या पाण्यावर. पाणी नळीत दिसेनासे झाले तर भट्टीचे छत उघडे पडते, आणि त्याचा परिणाम सांगायला कोणी उरत नाही.

१९५४ चा रमजान जवळजवळ पूर्ण मे महिन्यात आला होता. चंद्रपूरकडचा मे काय असतो ते मी सांगायला नको. त्यात भट्टीचे उघडे दार. प्रवासात असलेल्या माणसाला रोजा पुढे ढकलून नंतर भरून काढायची सवलत धर्मातच आहे, आणि नानीने ती नानांना रोज ऐकवली. नानांनी पहिले दोन-तीन रोजे इंजिनावर धरून पाहिले. नंतर ड्रायव्हरने, जो ख्रिस्ती होता, त्यांना सांगितले की तू चक्कर येऊन पडलास तर माझ्या मागे वाघिणींची रांग आहे. नानांनी बाकीचे रोजे हिवाळ्यात केले, सुट्टीच्या दिवशी एकेक करून. हे सांगताना त्यांच्या आवाजात खंत नसायची. हिशेब पुरा केल्याचे समाधान असायचे.

याच कोळशाने वरोऱ्याचे नशीब दोनदा घडवले आणि एकदा मोडले असे मला वाटते.

पहिल्यांदा घडवले ते जमशेटजी टाटांच्या हातून, नागपूरला. मुंबई सोडून कापडगिरणी नागपूरला काढायचे त्यांनी ठरवले त्याला कारणे दोन होती. कापूस दारात होता आणि कोळसा वरोऱ्याला होता. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. तिचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे जीआयपी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले. गिरणीला कोणता माल कुठून किती भाड्यात येतो हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? वरोऱ्याचे रूळ पुरे झाले तेही त्याच वर्षी.

मोडले ते पाच वर्षांनी. १८८२ मध्ये जमशेटजींच्या हाती एका जर्मन भूवैज्ञानिकाचा अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्ट्झ हे त्यांचे नाव. चांदा जिल्ह्यात लोहारा इथे उत्तम लोहखनिज आहे असे त्यात म्हटले होते. लोहारा हे नावच काय ते सांगते. आणि कोळसा तर वरोऱ्याला, शेजारीच. हिंदुस्थानातला पहिला मोठा पोलादाचा कारखाना इथे, आपल्या जिल्ह्यात उभा राहू शकेल असे त्यांना दिसू लागले. पण पोलादाच्या भट्टीला नुसता जळणारा कोळसा चालत नाही. त्याचा कडक, सच्छिद्र कोक व्हावा लागतो. वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत नेऊन तपासला गेला आणि तो या कामाला नालायक ठरला. सरकारच्या खाणपट्ट्याच्या अटीही जाचक होत्या. बेत बाजूला पडला. वीसएक वर्षांनी दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूवैज्ञानिक वेल्ड पुन्हा चांद्याच्या जंगलात बैलगाडीने हिंडले. खनिज विखुरलेले आणि अपुरे निघाले. मग नागपूरच्या संग्रहालयातल्या एका नकाशावर दोराबजींना दुर्गकडचे लोखंड दिसले, पुढे मयूरभंजचे सापडले, आणि कारखाना साकचीला गेला, जिथे आज जमशेदपूर आहे.

मी याचा उल्लेख हळहळण्यासाठी करत नाही. गावाचे जमशेदपूर झाले नाही याचा आनंद मानणारेही इथे आहेत, आणि जंगल पाहिले की त्यांचे पटते. मला वेगळी गोष्ट खुपते. लोहाऱ्याचे लोखंड जमिनीत राहिले आणि त्याच जिल्ह्यात विलायती रूळ, विलायती इंजिने आणि विलायती यंत्रांनी या जमिनीतला कोळसा उपसला गेला. रेल्वे गावापर्यंत आली, तिच्यासोबत हत्यार बनवण्याची विद्या आली नाही. आमच्या लोकांना इंजिन घासता आले, चालवता आले, दुरुस्तही करता आले. मोठ्या प्रमाणावर बनवायला १९५० उजाडावे लागले.

वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली. पस्तीस वर्षांचे आयुष्य. ज्या मालासाठी रूळ टाकले तो मालच संपल्यावर त्या फाट्याचे काय झाले असते? इंग्लंडमध्ये असे कितीतरी खेड्यातले फाटे नंतर उखडले गेले, तिथे आता लोक सायकली चालवतात. वरोऱ्याला कापसाने आणि बल्लारपूरने वाचवले. गावात जीन होते, प्रेस होते, रुईच्या गाठी जात होत्या. आणि दक्षिणेला बल्लारपूरजवळ नवी खाण सुरू झाली होती. वरोऱ्याचे शेवटचे रूळ पुढे वाढवण्यात आले आणि १९०८ च्या सुमारास गाडी चांद्यावरून बल्लारपूरला जाऊ लागली. माजरीहून नदीपलीकडे वणीच्या खाणींकडेही पुढे रूळ गेले. बंगाल नागपूर रेल्वेने अडीच फुटी रूळ नागभीडवरून चांदा फोर्टला आणले. चंद्रपूरला आजही दोन स्टेशने आहेत ती म्हणूनच, आणि बाहेरगावचा पाहुणा हमखास चुकीच्या स्टेशनावर उतरतो.

वरोरा आता शेवटचे स्टेशन राहिले नाही. पण रेघ बल्लारपूरशी पुन्हा थांबली, आणि या वेळी कारण होते राज्यांची सरहद्द. वर्धा नदीच्या पलीकडे निजामाचे राज्य. इकडे कारभार इंग्रजी-मराठीत, तिकडे उर्दूत. निजामाच्या रेल्वेने काझीपेठहून उत्तरेला रूळ टाकत आणले आणि १९२९ मध्ये दोन्ही टोके जुळली. त्याच वर्षी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली, पेशावर ते मंगळूर. सुमारे १०४ तासांचा प्रवास. पुढच्या वर्षी ती दिल्ली-मद्रास झाली. कोळशाच्या ढिगाशी संपणाऱ्या त्या ४५ मैलांवरून आता पठाण, पंजाबी, तमिळ, मल्याळी लोक झोपेत जाऊ लागले. फाळणीने पेशावर तोडले, पण वरोऱ्याचा तुकडा मुख्य मार्गावर राहिला तो राहिलाच. १९५१ मध्ये जीआयपी आणि निजामाची रेल्वे दोन्ही मध्य रेल्वेत आल्या.

वाफ मात्र गेली. ब्रॉडगेजवरचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० मध्ये चित्तरंजनला तयार झाले. त्याचे नाव ‘अंतिम सितारा’, निदान नाव देणाऱ्याला उर्दू येत होती. आमच्या मार्गावर आधी डिझेल आले आणि १९९० च्या सुमारास वीज आली. ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नियमित गाडी १९९५ मध्ये पंजाबात, फिरोजपूरकडे धावली. गोळ्याची यंत्रेही गेली, आता दुहेरी रुळांवर दिवे आपोआप बदलतात आणि तिसऱ्या रुळाची कामे दिसतात.

कोळसा तेवढा आहे तिथेच आहे. वरोरा तालुक्यात एकोण्याला आणि शेजारी माजरीला वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणी आहेत. फाटकापाशी उभे राहिले की ५८-५९ वाघिणींची गाडी जाताना मोजता येते, पोरे मोजतातही. यातला बराच कोळसा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात जातो, २,९२० मेगावॅटचे ते केंद्र. तिथे त्याची वीज होते आणि तारांमधून दूरवर जाते. या कोळशातले पाणी आणि राख तशीच आहे, पण तिथे तो दळून, पीठ करून जाळतात, त्यामुळे जाळीवर थर बसायचा प्रश्न येत नाही. राख मात्र उडते. चंद्रपूरकर गच्चीवर वाळत घातलेले कपडे झटकतात तेव्हा तीच असते.

नानांनी निवृत्तीनंतर रेल्वेचा पास वर्षातून एकदाच वापरला, अजमेरला जायला. डिझेल इंजिनाविषयी त्यांचे मत विचारले तर म्हणत, साहेब झाले सगळे, खुर्चीवर बसून गाडी चालवतात. आणि मग हळूच विचारत, पगार किती आहे म्हणे आता त्यांना?